उपकारस्तुतीची वाट

लहान मूल मागते आणि मोठे माणूस आभार मानते. तेव्हा ज्याच्या प्रार्थनेत मागणे कमी आणि स्तुती जास्त, तो ख्रिस्ती भक्त अधिक प्रौढ, असे प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले जाते. ऐकायला हे बरे वाटते. पण खुद्द स्तोत्रसंहिता उघडून बसले की हा हिशेब इतका सरळ राहत नाही.

या ग्रंथाचे हिब्रू नाव 'तेहिल्लीम', म्हणजे स्तुतिगीते. स्तोत्रे १५०. आणि गंमत अशी, की त्यांत सर्वांत मोठा भरणा आहे तो विलापांचा! शत्रू, आजार, बदनामी, देवाचे मौन, सगळी गाऱ्हाणी तेथे आहेत. मग संकलकांनी नाव स्तुतीचे का दिले? माझ्या मते, वाट कोठून निघते याहून ती कोठे पोचते याकडे त्यांची नजर होती. आरंभीच्या भागांत रडणे अधिक. पुढे स्तुती वाढत जाते. आणि अखेरच्या पाच स्तोत्रांत तर 'हालेलूया'ने आरंभ आणि 'हालेलूया'नेच शेवट. दीडशेव्यात कर्णे, वीणा, डफ, झांजा यांचा नुसता जल्लोष आहे. आपल्या दिंडीत तो सहज खपून जावा!

२२वे स्तोत्र घ्या. येशूने क्रुसावर ज्याचा पहिला उद्गार काढला, तेच हे. देवाने टाकून दिल्याच्या आक्रोशाने ते सुरू होते, आणि मध्येच वळण घेऊन भर मंडळीत स्तुती गाऊ लागते. ही स्तुती मला खरी वाटते, कारण तिची किंमत मोजलेली आहे. "गुरुजी, आम्ही आपले आभारी आहोत" असे एका सुरात म्हणणारी मुले मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. तसली स्तुती देवालाही पुष्कळ ऐकावी लागत असेल.

मागणे सुटले म्हणून कोणी मोठा होत नाही. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत नामाचा महिमा आधी येतो, पण रोजच्या भाकरीचे मागणे गाळलेले नाही. पौलही बंदिवासातून फिलिप्पैकरांना कळवितो ते हेच, की मागा, पण आभार मानीत मागा.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. विठोबाशी कडकडून भांडणारे तुकोबा आपल्या घरचेच. आणि १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे मानीत. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' पाहा. दारिद्र्य, ताटातूट, सारे भोगून बाई ते हसत सांगतात. तो शब्द न उच्चारता केलेली ती उपकारस्तुतीच.

मात्र ८८वे स्तोत्र यांत कोठे बसत नाही. त्यात वळण येतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. रचना म्हणून ते कोणाला अपुरे वाटेल. पण संकलकांनी ते गाळले नाही, की त्याला स्तुतीचे शेपूटही जोडले नाही. पहिल्याच ओळीत देवाला तारणारा म्हणून हाक मारली आहे, आणि तेवढ्या एका हाकेवर ते स्तुतिगीतांच्या ग्रंथात ठाण मांडून आहे.