धुराचा हिशेब: गुणाकारात हरवलेली माणसे

जागतिक बँकेने १९९७ साली ‘अर्बेअर’ मालिकेत बृहन्मुंबईच्या हवेवरील अहवाल प्रसिद्ध केला. जाकार्ता, काठमांडू व मनिला ही मालिकेतील इतर शहरे. धुरामुळे होणारे आजार व मृत्यू पैशांत मोजून उपायांच्या खर्चाशी ताडून पाहण्याची शिस्त या मालिकेने दाखवली, हे तिचे श्रेय. याच वाटेने पुढेही अंदाज बांधले गेले. म्हणून ही रीत तपासून पाहिली पाहिजे.

रीत सोपी आहे. वाहनांची संख्या, प्रत्येकाने कापलेले अंतर आणि दर किलोमीटरला बाहेर पडणारे प्रदूषक यांचा गुणाकार केला की एकूण उत्सर्जन मिळते. बदलापूरच्या हेंद्रेपाड्याला हे सूत्र लावून पाहू. येथील गाड्यांची नोंदणी कल्याणला, एमएच-०५ या क्रमांकाने होते. पण त्या क्रमांकाची गाडी दिवसभर ठाण्यातही धावत असेल. नोंदवहीवरून रस्ता कळत नाही. अंतर तर अंदाजाचेच. तिसरा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगचक्रात मोजलेला असतो. कोंडीत थांबत-सरकत जाणाऱ्या रिक्षाला तो कितपत लागू पडेल? शिवाय गाडीचे वय महत्त्वाचे. डिझेल मोटारीसाठी कणांची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५ मिलिग्रॅम होती, २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ४.५ आहे. सरसकट सरासरी येथे फसवी ठरते.

तिन्ही आकडे २० टक्के जास्त धरले गेले, तर उत्तर १.२ × १.२ × १.२ म्हणजे १.७३ पट येते. २० टक्के कमी धरले, तर ०.५१ पट. दोन टोकांत तिपटीहून अधिक फरक! म्हणून एकच आकडा छापणारा अंदाज आम्हांला अपुरा वाटतो.

दुसरा आक्षेप असा. मोकळ्या महामार्गावरील एक ग्रॅम धूर आणि शाळेच्या फाटकाशी, मुलांच्या नाकाच्या उंचीवर सुटलेला एक ग्रॅम धूर या हिशेबात सारखेच. इजा मात्र बाहेर पडलेल्या धुराने नव्हे, श्वासात गेलेल्या धुराने होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अकाली मृत्यूची किंमत बुडालेल्या कमाईवरून काढली, तर घरकाम करणारी बाई व निवृत्त आजोबा जवळजवळ फुकटात जातात. परदेशातील किंमत आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात घटवून घेतली, तर गरीब वस्तीतील जीव स्वस्त ठरतो. मग धूर तिकडेच वळवणे ‘परवडते’. गणित बिनचूक आणि निष्कर्ष अन्याय्य, असे येथे घडू शकते.

यावरून हिशेबच नको, असे आम्ही म्हणत नाही. हिशेब नसेल तर धुराची किंमत शून्य धरली जाते, आणि ती चूक सर्वांत मोठी. मात्र उत्तराबरोबर त्याचा पल्ला व गृहीतके छापावीत, आणि आजारांची व मृत्यूंची संख्या रुपयांच्या शेजारी स्वतंत्र ठेवावी.

शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे. शाळेसमोर तासभर वाहने प्रकारवार मोजावीत आणि प्रत्येक गटाला स्वतःची गृहीतके निवडू द्यावीत. गटागटांची उत्तरे जुळणार नाहीत. ती का जुळत नाहीत, याची चर्चा हाच खरा धडा.