विकत घेतलेले राज्य : टेरी ब्रूक्स यांच्या कादंबरीतील पुनरारंभ

अद्भुत कादंबरीवर पलायनवादाचा आक्षेप जुनाच आहे, आणि टोल्किन यांनी १९३९च्या परीकथांवरील व्याख्यानात त्याला दिलेले उत्तरही सर्वपरिचित आहे : कैद्याचे तुरुंगातून सुटणे आणि शिपायाचे रणांगणातून पळणे ही एक गोष्ट नव्हे. टेरी ब्रूक्स यांची ‘मॅजिक किंगडम फॉर सेल — सोल्ड!’ (१९८६) ही कादंबरी या भेदालाच अडचणीत आणते. तिचा नायक बेन हॉलिडे या दोहोंपैकी कोण, याचा निर्णय बराच काळ लागत नाही; आणि जोवर तो लागत नाही तोवरच ही कादंबरी खऱ्या अर्थाने जिवंत राहते.

बेन हा शिकागोतील यशस्वी वकील. पत्नी ॲनी आणि तिच्या पोटातील मूल मोटार अपघातात गेल्यापासून व्यवसाय, मित्र, शहर यांपैकी कशातच त्याचे मन उरलेले नाही. एका मोठ्या दुकानाच्या नाताळच्या कॅटलॉगमध्ये त्याला लँडओव्हर नावाचे जादूचे राज्य विक्रीस असल्याची जाहिरात दिसते. किंमत दहा लक्ष डॉलर. हा कॅटलॉग आलेला असतो तो ॲनीच्या नावावर. मृत व्यक्तीच्या नावे आलेल्या टपालातून अद्भुताचे दार उघडावे, ही कल्पना करुणाला अद्भुताशी एका क्षणात जोडते. ब्रूक्स यांनी तिचा पुढे पुरेसा पाठपुरावा केलेला नाही, हे या कादंबरीचे पहिले दुर्दैव.

पुनरारंभाला येथे करारनाम्याचे रूप आहे. दहा दिवसांत परतल्यास थोडी वजावट करून रक्कम परत. त्यानंतर वर्षभर राहण्याचे बंधन, अन्यथा रक्कम बुडाली. ब्रूक्स यांनी स्वतः इलिनॉयमध्ये अनेक वर्षे वकिली केलेली असल्याने या कलमांना जी नेमकी शुष्कता आली आहे ती कमावलेली वाटते. कादंबरीच्या रूपबंधावरही त्यांचा परिणाम होतो. त्स्वेतान तोदोरोव यांनी १९७० साली या साहित्यप्रकाराच्या केंद्रस्थानी जी दोलायमानता ठेवली, ती घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक या प्रश्नाविषयी होती. ब्रूक्स यांच्या कादंबरीत लँडओव्हरच्या खरेपणाविषयीचा संशय लवकरच मावळतो. दोलायमानता त्यानंतरही उरते, पण ती आता नायकाच्या निर्णयाविषयीची असते : परत जाता येत असताना राहावयाचे का? ज्ञानविषयक प्रश्नाचे असे नैतिक प्रश्नात रूपांतर होणे, हे या कादंबरीचे खरे श्रेय होय. समीक्षेने तिच्या विनोदी बाजूकडेच पाहिल्यास ते निसटण्याचा संभव आहे.

राज्याचे वर्णनही याच सूत्राला धरून आहे. स्टर्लिंग सिल्व्हर हा किल्ला काळवंडला आहे. दरबारी जादूगार क्वेस्टर थ्यूज याला स्वतःची विद्या पुरती येत नाही. लेखनिक ॲबरनॅथी त्याच्याच चुकीने कुत्रा होऊन बसला आहे. राज्याभिषेकाला जवळजवळ कोणीच येत नाही, आणि खंडणी व शपथ मागितली असता सरदार नव्या राजाला किंमत देत नाहीत. राजाविना भूमी ओसाड पडते, हे पाश्चात्त्य मध्ययुगीन कथांतील जुने आशयसूत्र. त्यात ब्रूक्स यांनी घातलेली भर मात्र आधुनिक आहे. विक्रेता मीक्स जाणूनबुजून अपयशी ठरतील अशीच गिऱ्हाइके निवडतो, म्हणजे तेच राज्य पुनःपुन्हा विकता येते. भूमीचा क्षय हा या व्यापाराचाच परिणाम आहे. दुःखी माणसाला नवे आयुष्य विकणे हा किफायतशीर धंदा असतो, हे कादंबरी अद्भुताच्या आवरणात बरेच स्पष्टपणे दाखवते.

पॅलाडिन या चिलखतधारी योद्ध्याचे रहस्य या सूत्राला पूर्णत्व देते. राजाच्या रक्षणार्थ प्रकटणारा हा योद्धा राजाच्या बांधिलकीवरच जगतो. बेन परतीचा विचार मनातून काढून टाकतो तेव्हा तो योद्धा आपणच आहोत हे त्याला कळते. पैसे देऊन मिळालेले राज्य तो येथे प्रथमच स्वीकारतो.

प्रेमकथेत मात्र ही कसोटी सैल होते. रोझमेरी जॅक्सन यांनी १९८१ साली अभावाची जाणीव धगधगती ठेवणारे साहित्य आणि त्या अभावाची गोड भरपाई करणारे साहित्य असा भेद केला होता. विलो ही रिव्हर मास्टरची कन्या बेनला पहिल्याच भेटीत सांगते की ती त्याच्याचसाठी नियत झालेली आहे. राज्याला अटी आहेत, प्रेमाला एकही नाही! ॲनीची रिक्त जागा भरण्याची ही घाई कादंबरीच्या दुसऱ्या, अधिक सुखावह आणि अधिक सामान्य स्तराची आहे. अपवाद एकाच प्रसंगाचा. विलोला ठरावीक काळाने मुळे फुटून वृक्ष व्हावे लागते. ते प्रत्यक्ष पाहताना बेन भयाने मागे सरतो. या क्षणी ती कोणाचीही बदली उरत नाही. ब्रूक्स येथे रेंगाळले असते तर कादंबरीचा तोल निराळा झाला असता.

पुढच्याच वर्षीच्या ‘द ब्लॅक युनिकॉर्न’मध्ये मीक्स बेनचे रूप घेऊन सिंहासनावर बसतो आणि बेनला त्याच्याच दरबारात कोणी ओळखत नाही. तेथे रक्कम परत मागण्याची सोय नाही, आणि परतावे अशी इच्छाही आता त्याला उरलेली नाही.