पूर्वरागाचे छायाचित्र

विवाह ठरल्यानंतर आणि प्रत्यक्ष विधीपूर्वी वधूवरांनी एखाद्या रम्य स्थळी जाऊन छायाचित्रे काढवून घ्यावीत, हा प्रघात आपल्या समाजात गेल्या काही वर्षांत चांगलाच रुळला आहे. ‘प्री-वेडिंग’ या इंग्रजी नावानेच तो सर्वत्र ओळखला जातो. कोणी त्याला हौस म्हणून सोडून देतात, तर कोणाला त्यात संस्कृतीचा ऱ्हास दिसतो. २०१९ साली भोपाळमधील काही समाजसंस्थांनी तर अशा चित्रणावर बंदी घातली. या वादात एक प्रश्न मात्र बाजूला राहतो. ही छायाचित्रे चित्रे म्हणून कधी साधतात आणि कधी फसतात? प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार भेद सांगितले आहेत. त्यांपैकी पूर्वराग म्हणजे श्रवणाने किंवा दर्शनाने उपजलेला, परंतु मीलनाच्या अलीकडचा अनुराग. घरच्या वडीलधाऱ्यांच्या पुढाकाराने ज्यांचा विवाह जुळला आहे, अशा तरुण-तरुणींची मनःस्थिती या पूर्वरागाच्या फार जवळची असते. कुतूहल असते, पण परिचय अपुरा असतो. ओढ असते आणि तिच्याच पोटी संकोचही असतो. आपल्या विवाहविधीतील अंतरपाट हा या अवस्थेचा सुंदर दृश्य संकेत होय. मंगलाष्टके संपेपर्यंत दोघांमध्ये धरलेले ते वस्त्र नंतर होणाऱ्या दृष्टिभेटीला अर्थ देते.

आता प्रचलित छायाचित्रे पाहावीत. वराने वधूला उचलून घेतलेले आहे. कपाळाला कपाळ टेकलेले आहे. वधूच्या झग्याचा लांबलचक घोळ कोणी सहायकाने उडवून दिला आहे आणि वरून ड्रोन फिरतो आहे. ही सारी चित्रभाषा हिंदी चित्रपटातील युगुलगीतांची, म्हणजेच शास्त्रकार ज्याला संभोगशृंगार म्हणतात त्या मीलनाच्या शृंगाराची आहे. पूर्वरागाच्या प्रसंगी ती योजणे हा रसदृष्ट्या दोष होय. आक्षेप येथे नीतीचा नाही. ज्या युगुलाचा सहवास दीर्घ आहे त्यांना ही भाषा शोभेलही. परंतु ज्यांची जवळीक अजून घडावयाची आहे त्यांच्यावर ती लादली, की चित्र खोटे पडते. मुद्रा हसरी असली तरी ताठर बोटे, उचललेले खांदे आणि छायाचित्रकाराच्या आज्ञेची वाट पाहणारे डोळे खरी हकीकत सांगून टाकतात.

असे का व्हावे, याचे उत्तरही रसव्यवस्थेतच सापडते. वधूवर हे आलंबन विभाव; स्थळ, ऋतू, प्रकाश हे उद्दीपन विभाव; आणि कटाक्ष, स्मित, हाताची हालचाल हे अनुभाव. छायाचित्रकाराच्या अधीन असते ते उद्दीपन. अनुभाव हे भावाचे कार्य असल्यामुळे ते आतून उमटावे लागतात. रोमांच, वेपथु, स्वरभंग यांसारखे सात्त्विक भाव तर मनाच्या एकाग्रतेवाचून नटालाही साधत नाहीत, असे भरताने बजावले आहे. मग जे नटच नाहीत त्यांच्याकडून ते हुकुमाने कसे मिळावेत? ‘तिच्याकडे प्रेमाने पाहा’ या सूचनेतून पाहण्याचा अभिनय तेवढा हाती लागतो.

यावर कोणी म्हणेल, की छायाचित्रात कल्पिताला स्थान असतेच. क्रिस्तोफर पिनी यांनी ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) या ग्रंथात मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास केला आहे. तेथील रंगवलेल्या पडद्यांपुढे बसणाऱ्या माणसांना आपले यथातथ्य रूप नको असते. जे होता येईल असे वाटते ते रूप हवे असते. हा आक्षेप विचारार्ह आहे. परंतु ते कल्पित बसणाऱ्याने स्वतः निवडलेले असते आणि पडदा हा पडदाच आहे हे सर्वांना ठाऊक असते. उलट बॉनी ॲड्रियन यांनी ‘फ्रेमिंग द ब्राइड’ (२००३) मध्ये तैवानमधील विवाहछायाचित्रांचा जो परामर्श घेतला आहे, त्यात वधू स्वतःसारखी न दिसता इतर वधूंसारखी दिसू लागते. आपल्याकडील धोका हा दुसऱ्या प्रकारचा आहे. तेव्हा प्रश्न कल्पिताचा नसून ते कोणाचे, हा आहे.

यातून छायाचित्रकाराच्या व्यवहाराचे काही नियम निघतात. पहिला, चित्रणाच्या दिवसापूर्वी दोघांशी एकत्र आणि वेगवेगळेही बोलावे. भावी पती आणि परका छायाचित्रकार या दोघांसमोर नकार देणे वधूला बहुधा कठीण जाते. तिचे मौन ही संमती समजणे हा कलेतलाही प्रमाद आहे. तिचा संकोच हा अडथळा न मानता तोच चित्राचा विषय मानावा. विवाहाच्या सभागृहात वडीलधाऱ्यांसमोर कोणती चित्रे दाखवावयाची, हेही दोघांनी आधीच ठरवावे.

दुसरा नियम असा, की मुद्रा सांगण्याऐवजी काम सांगावे. चढणीवर एकमेकांना हात द्यावा लागणे, एकाच छत्रीतून चालणे, गजरा माळणे, टपरीवरचा चहा घेणे, अशा कृतींत लक्ष गुंतले की अनुभाव आपोआप उमटतात. येथे भिंगाची निवडही अर्थपूर्ण ठरते. ३५ मिलिमीटरच्या पूर्ण-चौकटी कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरचे भिंग लावून उभी चौकट धरली, तर पूर्ण उंचीची दोन माणसे टिपण्यासाठी सुमारे पाच मीटर मागे जावे लागते. ३५ मिलिमीटरच्या भिंगाने तेच चित्र दोनेक मीटरवरून मिळते. त्या तीन मीटरांच्या अंतरात दोघांना हळू आवाजात बोलण्यापुरता एकांत लाभतो. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासाचा तिरपा, मृदू प्रकाश घ्यावा, तोही याच हेतूने: त्या वेळी गर्दी नसते आणि डोळे बारीक करावे लागत नाहीत.

तिसरा नियम स्थळासंबंधीचा. उद्दीपनाने आलंबनाला गिळू नये. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथील जांभ्या खडकावरील मातीचा थर इतका पातळ आहे, की फुलांच्या ताटव्यात पाऊल टाकणे म्हणजे पुढल्या हंगामावर पाऊल टाकणे होय. एका चित्रासाठी तो ताटवा तुडवणाऱ्याला सौंदर्यदृष्टी आहे असे म्हणता येणार नाही. त्यापेक्षा दोघांपैकी एकाच्या शाळेची वाट, नदीचा घाट किंवा आजोळचे अंगण यांत अधिक अर्थ असतो; कारण तेथे एकजण दुसऱ्याला आपले जग दाखवीत असतो आणि ते दाखवणे टिपता येते.

या छायाचित्रप्रकाराचे यश मोजावयाचे ते याच कसोटीवर. युगुलाला परस्परांविषयी जेवढे ठाऊक आहे त्याहून अधिक ठाऊक असल्याचा आव चित्राने आणू नये. पूर्वरागातील अर्धवट ओळख, थबकणे आणि किंचित अंतर जर चित्रात राहिले, तर वीस वर्षांनी ते पाहताना त्या दोघांना आपल्या नात्याची खरीखुरी सुरुवात दिसेल; आणि तेवढ्यासाठीच तर छायाचित्र काढावयाचे असते.