डेल नावाचे दोन इसम : सदिश चिन्हांबद्दल एक तक्रार

एसटी स्टँडसमोरच्या गर्दीतून वाट काढत तुम्ही खोपटला इथवर आलात, म्हणून त्या गर्दीचा आज थोडा उपयोग करून घेणार आहे. जे नंतर वाचणार आहेत त्यांनी हातात कागद-पेन्सिल ठेवावी.

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थिनी पुढे आली आणि म्हणाली, "सर, ∇ हा सदिश आहे की नाही, एकदाच काय ते सांगा." प्रश्न साधा आहे. पण तीन वर्षं फिजिक्स शिकून तो तसाच राहत असेल, तर दोष मुलीचा नाही. तो चिन्हाचा आहे आणि चिन्ह शिकवणाऱ्यांचाही आहे, म्हणजे माझाही.

आधी उच्चार बघा. आपल्या वर्गांत ∂ ला काय म्हणतात? डेल. "डेल एफ बाय डेल एक्स." आणि ∇ ला? तोही डेल! (हशा) हसताय, पण फळ्याकडे पाठ करून लिहून घेणाऱ्या पोराने "डेल स्क्वेअर" ऐकल्यावर नक्की काय लिहायचं? त्यात दहावीपर्यंत मराठीतून सदिश-अदिश शिकलेलं मूल अकरावीला एकदम इंग्रजीत येतं. त्याला वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं आहे. अहो, इथे इंग्रजीचा काही संबंधच नाही. ∇ ला नॅब्ला म्हणा, प्रश्न मिटला. हे नाव प्राचीन हार्पसारख्या वाद्यावरून आलं, आकार तसा दिसतो म्हणून. टेट आणि त्याच्या स्कॉटिश मित्रमंडळींनी ते रूढ केलं.

आता मूळ तक्रार. ∇ सदिशासारखा दिसतो, कारण तो जन्मला तेव्हा तसाच वागायचा. हॅमिल्टनला 1843 साली डब्लिनमध्ये क्वाटर्निअन सुचले. त्या गणितात डॉट आणि क्रॉस असे दोन वेगळे गुणाकार नव्हतेच, एकच होता. ∇ ने एखाद्या सदिशाला गुणलं की उत्तराचा अदिश भाग म्हणजे उणे चिन्हासह डायव्हर्जन्स, आणि सदिश भाग म्हणजे कर्ल. मॅक्सवेलने त्या उण्या भागाला 'कन्व्हर्जन्स' म्हटलं होतं, ते यामुळेच. पुढे गिब्ज आणि हेविसाइड यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ते घर मोडून दोन खोल्या केल्या. गिब्जच्या व्याख्यानांवरून विल्सनने 1901 साली पुस्तक लिहिलं, आणि डॉट-क्रॉसची ती लिपी आपण आजही वापरतो. लिपी सुटसुटीत आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्यातून विद्यार्थ्याच्या मनात एक समज बसतो : ∇ चे तीन घटक घ्या, सदिशाचे तीन घटक घ्या, जोडीजोडीने गुणा आणि बेरीज करा. एक्स-वाय-झेडमध्ये हे अगदी बरोबर येतं. आणि तिथेच घात होतो.

स्टँडचं फाटक डोळ्यांसमोर आणा. तिथून लोक सगळ्या दिशांना सरळ बाहेर चाललेत, सगळ्यांचा वेग सारखा, सेकंदाला एक मीटर. फाटकापासूनचं अंतर आणि कोन हे निर्देशक घेतले, तर वेगाचे घटक होतात एक आणि शून्य. दोन्ही स्थिरांक. जोडीजोडीने गुणलं तर डायव्हर्जन्स शून्य! मी बीएस्सीला असताना परीक्षेत असंच शून्य लिहिलं आणि मार्कही तेवढेच मिळाले. का चुकलं ते विचारलं, तर "टेबल पाठ कर" असं उत्तर आलं. कॉलेजचं नाव सांगत नाही.

खरं काय होतं? दहा मीटरवर दोघांत एका हाताचं अंतर असेल, तर वीस मीटरवर ते दोन हातांचं होतं. कुणाचाही वेग बदलला नाही, तरी माणसं पांगली. पांगणं म्हणजेच डायव्हर्जन्स. अंतराच्या पट्टीतला एक छोटा तुकडा घ्या : बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब, म्हणून बाहेर जाणारे जास्त. हा फरक क्षेत्रफळाने भागला की येतं एक भागिले अंतर. दहा मीटरवर एक दशांश. शून्य नाही. घटक स्थिर होते, पण एकक सदिशांची दिशा जागेगणिक फिरत होती, आणि ते फिरणं चिन्हात कुठेच दिसत नाही.

ग्रिफिथ्सचं इलेक्ट्रोडायनॅमिक्सचं पुस्तक तुमच्यापैकी बहुतेकांकडे असेल. मला ते फार आवडतं, म्हणूनच बोलतो. दिशा फिरतात ही सूचना त्यात पहिल्याच प्रकरणात आहे, लेखक प्रामाणिक आहे. पण पहिला प्रवेश ∇ चा होतो, पांगण्याचा अर्थ मागून येतो, आणि गोलीय-दंडगोलीय सूत्रांची सविस्तर सिद्धता गेली आहे परिशिष्टात. परिशिष्ट आपल्याकडे कोण वाचतं? मुखपृष्ठाच्या आतलं टेबल मात्र सगळे वाचतात. पर्सेल उलट वाटेने जातो : आधी फ्लक्स, मग तो घनफळाने भागा, ती झाली डायव्हर्जन्स, सूत्र शेवटी. शेचं छोटं पुस्तकही तसंच. माझं मत, आधी शे किंवा पर्सेल आणि मग ग्रिफिथ्स.

थीटा-फायचं तर विचारूच नका. फिजिक्सच्या तासाला ध्रुवापासूनचा कोन थीटा, गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत तोच फाय. पुस्तक बदललं की आधी आकृती बघा, एवढंच.

तेव्हा त्या मुलीला माझं उत्तर : नॅब्ला सदिश नाही, तो पुढच्याची वाट बघणारा कारकून आहे. म्हणून ∇ डॉट ए हा एक आकडा होतो, पण ए डॉट ∇ हे अर्धवट वाक्य राहतं. पुढे काहीतरी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ नाही. साधे सदिश असे उलटसुलट केल्याने बदलत नाहीत. फाइनमनने गुणाकाराच्या सूत्रांसाठी ∇ च्या पायाशी अक्षर लिहून तो कुणावर काम करतोय ते दाखवलं. ही युक्ती आपण वर्गात का वापरत नाही, मला कळलेलं नाही.

(श्रोत्यांतून : "मग परीक्षेत काय लिहायचं?")

टेबलातलंच सूत्र लिहा. पण लिहिण्याआधी त्यात फाटकावरची गर्दी घाला, घटक एक आणि शून्य. उत्तर शून्य आलं, तर सूत्र चुकीचं आठवलंय.