अलगद सुटेल असं घट्ट

आमच्या गल्लीत एक बंगला चढतो आहे. खालच्या मजल्याचा स्लॅब गेल्या आठवड्यात ओतला. आज वरच्या कोपऱ्यातल्या कॉलमची पेटी भरायला तयार उभी आहे: नऊ इंच बाय पंधरा इंच, उंची दहा फूट. आत सळयांचा पिंजरा, बाहेर प्लायच्या चार बाजू आणि त्यांना चारही अंगांनी कवळून धरणाऱ्या आडव्या लाकडी पट्ट्या. या पेटीचं आयुष्य जेमतेम दोन दिवसांचं, पण ती बघण्यासारखी आहे.

आधी त्या आडव्या पट्ट्यांची लय बघावी. तळाशी त्या वीतभर अंतरावर आहेत, मध्यावर हातभर, माथ्याजवळ त्याहून सैल. सगळ्या सारख्या अंतरावर ठोकल्या असत्या तर नजरेला अधिक नीटस दिसल्या असत्या, पण सेंट्रिंगवाल्याने आत येणारा माल डोळ्यांपुढे ठेवला आहे. ओलं काँक्रीट जड पाण्यासारखं वागतं. घनमीटरला सुमारे अडीच टन. दहा फुटी पेटी एका दमात भरली, वर व्हायब्रेटरची सुई फिरली, की तळाशी चौरस मीटरमागे साडेसात टनांचा रेटा येतो. नऊ इंची बाजूच्या अगदी खालच्या एका फुटावरच पाचशे किलोच्या घरात. माल सावकाश भरला तर खालचा थर आळत जातो आणि रेटा उतरतो. थंडीत मात्र तो उशिरा आळतो, म्हणून तेव्हा हात आणखी आवरायचा. रिकाम्या पेटीत हा न आलेला भार ज्याला दिसतो, त्याच्याच पट्ट्या खाली दाट होतात.

आमचं घर बांधताना एका कॉलमची खालची पट्टी निसटली होती. कॉलमला पोट सुटलं. दुसऱ्या दिवशी ते छिन्नीने टोचून काढावं लागलं. आजही तिथून जाताना हात आपोआप त्या जागेवर फिरतो.

पेटीचा पाया म्हणजे स्टार्टर, आधी ओतलेला तीन-चार इंची काँक्रीटचा ठोकळा. पेटी त्याला घट्ट मिठी मारून उभी राहते. तो इकडचा तिकडे झाला तर वर कितीही कसून बांधा, कॉलम चुकलेलाच. मग ओळंबा. दोरी पेटीपासून वर जितकी लांब तितकीच खाली, आणि हे लगतच्या दोन्ही बाजूंना तपासायचं. एकच बाजू बघून भागत नाही. तिरके टेकूही म्हणूनच दोन दिशांना. बुडाशी राहिलेल्या फटीत सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या चिंध्या ठासल्या आहेत. तिथून सिमेंटचं पाणी गळालं की खडी उघडी पडते आणि कॉलमच्या पायाशीच मधमाशीचं पोळं तयार होतं.

इथवर सगळी तारीफ घट्टपणाची झाली. पण जवळ जाऊन पाहिलं तर खिळ्यांची डोकी अर्धा इंच बाहेर ठेवलेली दिसतात, उपसायला सोपी जावीत म्हणून. प्लायला आतून तेल चोपडलं आहे, काँक्रीट धरून बसू नये म्हणून. माल आत पडण्याआधीच सुटण्याची तजवीज झालेली आहे. काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ मध्ये, नेहमीच्या सिमेंटला आणि हवेला कॉलमच्या बाजू काढायची मुदत १६ ते २४ तासांची. तेव्हा काँक्रीट उभं राहण्याइतकं घट्ट झालेलं असतं, पण कोपरा अजून कोवळा असतो. पहारीने उचकटलं तर टवका निघतो. घट्ट धरणं आणि धरलेल्याला न दुखवता सोडणं, या कलेचा सगळा जीव या दोन टोकांमध्ये आहे.

सोडल्यावरही धरल्याच्या खुणा उरतात. काँक्रीटच्या भिंतीच्या पेटीत समोरासमोरच्या बाजूंना एकमेकींकडे ओढून धरणारे बोल्ट आरपार जातात. आपल्याकडे त्यांची भोकं बुजवून वर प्लास्टर चढतं. जपानी वास्तुकार तादाओ अँडो यांनी ओसाकातल्या सुमियोशी इथल्या छोट्या घरात, १९७६ साली, भिंत उघडीच ठेवली. बोल्टच्या गोल खुणा तिथे ओळीने दिसतात. कुठे कुठे ताणून धरलं होतं हे ती भिंत आजही सांगते.

आता जिन्याने खाली, स्लॅबच्या पोटाखाली जाऊ. पाच इंची स्लॅबचं वजन एका ब्रासला तीन टनांच्या आसपास, आणि ते टेकूंच्या रानाने पेललं आहे. प्रत्येक टेकूच्या पायाशी फळी, फळीवर समोरासमोर सरकवलेल्या दोन पाचरी. मला या सगळ्या कामातला सर्वांत देखणा तुकडा कुठला वाटत असेल तर ही जोडपाचर. आतल्या दिशेने ठोका दिला की टेकू केसभर चढतो, उलटा दिला की तेवढाच उतरतो. धरणं आणि सोडणं, दोन्ही त्याच लाकडात.

सोडण्यालाही क्रम आहे. खोलीच्या स्लॅबचे टेकू मधून सुरू करून कडेकडे काढायचे. मधला टेकू शेवटपर्यंत राहिला तर स्लॅब त्याच्यावर वरून ताणला जाईल, आणि तिथे वरच्या अंगाला सळई नसते. गॅलरीचं उलट: तिची मुख्य सळई वर असते, म्हणून टेकू टोकापासून भिंतीकडे काढायचे. टोकाचा टेकू मागे राहिला तर गॅलरी पोटातून तडकेल. ज्या अंगाने पुढे जन्मभर भार पेलायचा आहे, त्याच अंगाने पहिल्यांदा तो यायला हवा.

या गॅलरीचे टेकू अजून उभे आहेत. ते काढायच्या दिवशी मी सकाळीच जाऊन थांबणार आहे. टोकाच्या पाचरीवर पडणारा पहिला उलटा ठोका मला ऐकायचा आहे.