खिंडार, फितुरी आणि रसद : दुर्गपतनाच्या कथनरीती

म्हैसूरचे हेब्बाळ आज कारखान्यांच्या वसाहतीमुळे ओळखले जाते. तेथून थोड्याच मैलांवर कावेरीच्या बेटावरील श्रीरंगपट्टणचा किल्ला आहे. ४ मे १७९९ रोजी तो पडला. तो का पडला, या प्रश्नाला साहित्याने दिलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. हा भेद केवळ तपशिलाचा नसून कथनदृष्टीचा आहे.

इंग्रजी वृत्तान्त तटाच्या भाषेत बोलतो. अलेक्झांडर बीटसनच्या १८०० मधील ग्रंथात किल्ला म्हणजे अंतर, कोन आणि तोफांची मोजदाद. वायव्येकडील तटाला खिंडार पडले, मे महिन्यात उथळ असलेली नदी सैनिकांनी ओलांडली, किल्ला सर झाला. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीचा आरंभही याच हल्ल्यापासून होतो. तेथे मात्र खिंडारातून शिरणाऱ्यांची लूट हाच कथेचा मूळ दोष ठरतो.

दख्खनच्या स्मृतीत तट दुय्यम आहे. तेथे किल्ला पडतो तो मीर सादिकच्या फितुरीने. इक्बालने ‘जावीदनामा’त (१९३२) त्याला नरकही नाकारतो अशा आत्म्यांत बसवले आणि या स्मृतीला काव्यरूप दिले. एका परंपरेत नायक तोफ आहे, दुसरीत खलनायक माणूस.

या दोहोंच्या मध्ये रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ ठेवून पाहिले पाहिजे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या संहितेतील दुर्गप्रकरण सहसा राजनीतीचा पाठ म्हणून वाचले जाते. वस्तुतः ते भयाची एक सूक्ष्म सूची आहे. किल्ल्यालगतचा वरचढ डोंगर, पाण्याचा अभाव, एकच दरवाजा, घरांजवळचे दारूकोठार, ओलावा धरणारे बाण, एकाच जागी मुरलेला हवालदार या साऱ्यांची नोंद एकाच सुरात होते. खिंडार आणि फितुरी ही येथे भिन्न कारणे नाहीत. दोन्ही निष्काळजीपणाची फळे आहेत.

या दृष्टीने १७९०-९१ चा धारवाडचा वेढा पुन्हा वाचण्याजोगा ठरतो. एडवर्ड मूरने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात मराठी गोलंदाज एक बार काढून गप्पा मारीत, धूम्रपान करीत बसतात. हे चित्र पुढे मराठी युद्धपद्धतीवरील निर्णयच होऊन बसले. पण त्याच वेढ्यात इंग्रज तुकडीचा थेट हल्ला फसला आणि अखेर किल्ला परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाती आला तो तहाने. मूरला जो केवळ आळस दिसतो, त्यात शत्रूला झिजवण्याचे गणितही असू शकते. वासुदेवशास्त्री खरे यांनी प्रकाशित केलेली पटवर्धनांची पत्रे मूरच्या शेजारी ठेवल्याविना हा प्रश्न सुटणार नाही.

रसदेचे महत्त्व श्रीरंगपट्टणानेच दाखवले. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस किल्ल्यासमोर पोहोचला, पण बैल मेले, धान्य संपले आणि वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून त्याला मागे फिरावे लागले. मेलुकोट्याजवळ मराठी फौज भेटली तेव्हा त्याच्या सैन्याला धान्य मिळाले. त्या वर्षी किल्ला ना तटाने राखला ना निष्ठेने. तो शत्रूच्या उपासमारीने राखला. शौर्यकथेत आणि द्रोहकथेत बैलांना जागा नसते. ‘आज्ञापत्रा’ला मात्र कोठार आणि पाणी हे विषय हलके वाटत नाहीत.

शस्त्रांचे भाग्यही असेच. म्हैसूरचे लोखंडी नळीचे बाण १७९९ नंतर इंग्लंडला पोहोचले, काँग्रीव्हने त्यांवरून आपले अग्निबाण सिद्ध केले आणि १८०७ मध्ये ते कोपनहेगनवर बरसले. शस्त्र प्रवासाला निघाले, ते घडवणाऱ्या कारागिरांचे कथन मागेच राहिले.

‘आज्ञापत्रा’ची मर्यादाही स्पष्ट आहे. त्याचा आदर्श सह्याद्रीचा गिरिदुर्ग. सपाटीवरून सलग मारा करणाऱ्या तोफखान्यापुढे नदीकाठचा तट कसा टिकावा, याचे उत्तर त्यात शोधणे अन्यायाचे होईल. तथापि दुर्गपतनाला एकच कारण देणाऱ्या प्रत्येक कथनाविषयी ते वाचकाला सावध करते. तुलनात्मक अभ्यासाला त्याचा उपयोग आहे तो येथे.