कुरणशाळा आणि विकासवाडी : वर्गाच्या दोन कल्पना

लहान मुलांच्या वर्गातील वातावरणाची चर्चा बहुधा चार भिंतींच्या आत सुरू होते आणि तेथेच संपते. उजेड, बैठक, तक्ते, खेळणी व शिक्षिकेची मृदू वाणी यांची यादी केली की विषय पुरा झाला, अशी समजूत आहे. डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी केलेला प्रयोग या समजुतीस धक्का देणारा आहे. परंतु त्याचा गौरव करणाऱ्यांच्या लेखनातही तीच समजूत पुष्कळदा डोकावते.

1907 साली रोममध्ये पहिले बालगृह उघडणाऱ्या माँटेसोरीबाईंच्या पद्धतीत मुलासाठी हेतुपूर्वक सिद्ध केलेल्या परिसरास मध्यवर्ती स्थान आहे. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगर येथे या पद्धतीस एतद्देशीय रूप दिले आणि 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे महागड्या साधनांऐवजी खडे, शिंपले, बिया, पाने यांचा उपयोग झाला. या प्रयोगाची स्तुती होते ती मुख्यतः या काटकसरीबद्दल. वस्तुतः साधने स्वस्त करणे हे त्याचे मर्म नव्हे.

मर्म आहे ते वर्गाच्या जागेसंबंधीच्या विचारात. मध्यवर्ती बालवाडीत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली. पुढे कार्यक्षेत्र कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा गुरे राखणाऱ्या मुलांमागे शिक्षक कुरणात गेले. शाळेत न येणारे मूल आळशी किंवा मंद नसते, त्याचा वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचा असतो, हे येथे प्रथम ओळखले गेले. ज्या वर्षी बोर्डीचे केंद्र निघाले, त्याच वर्षी झरी येथील परिषदेतून वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्यास तोंड फुटले, हे या संदर्भात विसरून चालणार नाही. आईबापांच्या श्रमावरच जेथे त्यांचा हक्क नाही, तेथे मुलाच्या सकाळवर शाळेचा हक्क कोठून असणार?

तथापि कुरणशाळेच्या कल्पनेत एक उणीव राहते. ती मुलाच्या परिस्थितीशी जुळवून घेते, पण ती परिस्थिती गृहीतही धरते. गुरे राखता राखता शिकणाऱ्या मुलाचे लक्ष अर्धे अक्षरांकडे व अर्धे गुरांकडे राहणारच. आणि अशी सोय कायमची झाली, तर गरिबाच्या मुलास अर्धी शाळा पुरेशी आहे, असा अर्थ निघण्याचा धोका असतो.

या उणिवेचे उत्तर त्याच टेकडीवर मिळाले, हे विशेष होय. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आल्या. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी आता त्याला पाळणाघरात ठेवून वर्गात बसू शके. कुरणशाळेने मुलाचे काम मान्य करून त्याभोवती वर्ग उभारला. विकासवाडीने मुलाच्या डोक्यावरील एक भार उतरविला. पहिलीत सहानुभूती आहे, दुसरीत न्याय आहे. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने दुसरी पायरी अधिक मोलाची मानावयास हवी.

1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 8 या वयोगटासाठी एकच पायाभूत स्तर कल्पिला आहे. बालवाडी आणि पहिली-दुसरी यांना जोडणारी ही कल्पना विकासवाडीच्या जवळची आहे. मात्र नाव व रचना उचलणे सोपे असते. पाड्यावरचे मूल वर्गात येताना पाठीवर काय घेऊन येते, त्याची घरची बोली वर्गात ऐकली जाते की नाही, आणि त्याच्या अनुपस्थितीचे कारण शोधण्यास शिक्षिकेला वेळ मिळतो काय, या प्रश्नांची उत्तरे भिंतीवरील रंगीत चित्रांत सापडत नाहीत. वर्गाचे वातावरण मूल घरून निघण्यापूर्वीच घडू लागते. कोसबाडचा खरा धडा हाच आहे.